लाज नानांच्या वाट्याची

जगात चूक कोणाचीही असो, तिची लाज वाटून घेण्याचं काम नानांकडे होतं. हे काम त्यांना कोणी दिलं होतं, देव जाणे. पण भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत ते इतक्या चोखपणे दुसरं कोणी केलं नसतं. नाना पार्सल ऑफिसात कारकून होते. गाडी उशिरा आली की स्टेशन मास्तर खोलीत जाऊन बसे, गार्ड घड्याळाकडे बघत निघून जाई, आणि नाना मात्र फलाटावर येऊन ओळखीच्या-अनोळखीच्या उतारूंना हात जोडत. ‘‘माफ करा हं, आज जरा उशीर झाला.’’ मे महिन्यात त्यांच्याकडे नागपूरचे पाहुणे आले होते. भुसावळचं ऊन त्या वर्षी असं पेटलं होतं की कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीखालून हलत नव्हते. नानांनी पाहुण्यांना दारातच सांगितलं, ‘‘यंदा जरा जास्तच झालंय. दरवर्षी एवढं नसतं. माफ करा.’’ पाहुणे बिचारे नागपूरचे. त्यांना तर इथे गारवाच वाटत होता. गणपतीच्या कार्यक्रमात कोणा गायकाचा सूर घसरला, की गायक पुढे गात राही आणि नाना मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटत बसत.

असा माणूस फुटबॉलच्या गोलात उभा राहतो, हीच मुळात देवाची थट्टा. कारण गोलकीपर हा असा प्राणी की बाकीच्या दहाजणांच्या चुका शेवटी त्याच्याच दाराशी येतात. पण आमच्या क्लबाच्या गोलात नाना कित्येक वर्षं उभे होते. इतकी, की मी शाळेत असताना मला वाटे, दोन खांब, एक आडवी बल्ली आणि नाना असं मिळून गोल होतो. गुडघ्याच्या खाली येणारी, घडी न मोडलेली खाकी चड्डी आणि अंगात नानींनी विणलेला लोकरी स्वेटर. गोलकीपरने स्वेटर घालायचा असतो असं त्यांनी तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या अंगावर पाहिलं होतं. तो साहेब बहुधा विलायतेच्या थंडीत खेळत असावा, ही बारीकशी गोष्ट नानांनी विचारात घेतली नव्हती. सामना संपल्यावर ते स्वेटर पिळत, तेव्हा मैदानाचा तेवढा तुकडा पाणी शिंपडल्यासारखा दिसे.

हात मात्र विलक्षण. पडणारी वस्तू झेलल्यावाचून त्यांना राहवतच नसे. पार्सल ऑफिसातले हमाल मुद्दाम लांबून गाठोडी भिरकावत आणि नाना एका हातात पेन्सिल धरून दुसऱ्या हाताने ती अलगद उतरवून घेत. सावद्याला केळीची वॅगन भरत होती तिथे एकदा ते उगाच उभे होते, तर कोणाच्या तरी हातून निसटलेला अख्खा घड त्यांनी छातीवर घेतला आणि वर केळीवाल्यालाच म्हणाले, ‘‘मध्ये आलो, माफ करा.’’ लग्नात मंगलाष्टकं संपून अक्षता पडू लागल्या की नानांचे दोन्ही हात आपोआप वर जात. नानी मग त्यांचं मनगट धरून ठेवत. लोकांना वाटे, किती प्रेम आहे दोघांचं! प्रेम होतंच, पण त्या वेळी तो बंदोबस्त होता.

गोल झाला की मात्र पाहवत नसे. चूक बॅकची असो, रेफरीची असो की वाऱ्याची, नाना चेंडू उचलून त्यावरची धूळ स्वेटरला पुसत, तो समोरच्या संघाकडे अदबीने देत आणि मग आमच्या एकेकाकडे बघून नुसती मान हलवत. त्या रात्री घरात गोड खायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे अध्यक्ष शेटजी यांच्या कापडाच्या दुकानात हजर. शेटजींचे वाडवडील मारवाडातून आलेले. फुटबॉलमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नसे. क्लबाला चेंडू आणि चहा पुरवावा, एवढंच पुण्य त्यांनी पत्करलं होतं. नाना गादीच्या कडेला टेकून सांगत, ‘‘शेटजी, कालचा तिसरा गोल माझा डोळा चुकल्याने झाला.’’ शेटजी म्हणत, ‘‘अरे नाना, तेनी चार केला, आपण एक केला. सीझन असतो बाबा. कधी त्यांचा माल उठतो, कधी आपला. चहा घे.’’ बरं, गोल अडवल्यावर तरी सुख? छे! एकदा चाळीसगावच्या एका पोराचा सणसणीत फटका नानांनी अडवला. आम्ही नाचतोय आणि नाना खिन्न. ‘‘त्याची आई आली होती रे बघायला,’’ म्हणाले.

मला गोलकीपर केलं ते नानांनीच. मी लोको शेडमध्ये नुकताच शिकाऊ म्हणून लागलो होतो. खेळायचो कुठेही, वाईट खेळायचो सगळीकडे. नानांनी माझे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि संध्याकाळी मैदानावर बोलावलं. पुढे वर्षभर त्यांनी मला उडी कशी मारायची, पडायचं कसं, चेंडू छातीशी कसा घ्यायचा, हे शिकवलं. शिकवताना रागावायचं असतं, तेही ते माफी मागूनच रागावत. ‘‘माफ कर, पण हे अगदी गाढवासारखं केलंस.’’ आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी कोणी तोंडाने बोलत नव्हतं. नाना चाळिशी ओलांडून बरेच पुढे गेले होते. जमिनीलगतचा चेंडू आला की ते झेपावत नसत, बसून घेत. आणि ते बसेपर्यंत चेंडू पोचलेला असे. मी पोचत होतो. माझ्या अंगात नानांचीच विद्या होती, फक्त गुडघे नवे होते.

त्याच सुमारास धुळ्याला मोठे सामने ठरले. गोलात कोण, हा प्रश्न कप्तानाच्या ओसरीवर निघाला. कप्तान इंजिनावर फायरमन होता. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, पण हा विषय निघाल्यावर त्याला घाम फुटला. पोराला, म्हणजे मला, उभा करायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं. नानांना सांगायचं कोणी, यावर मात्र काही केल्या होईना. शेवटी कप्तान स्वतः गेला. त्याला दारात अवघडलेला बघून नानांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. त्याच्या आईच्या दम्याची चौकशी केली, चहा पाजला, पिशवीभर कैऱ्या दिल्या. कप्तान कैऱ्या घेऊन परत आला. मग शेटजी म्हणाले, ‘‘आपण सांगतो. धंद्यात आपल्याला सवय आहे.’’ शेटजी गेले आणि नानांच्या नव्या स्वेटरसाठी लोकर देण्याचं कबूल करून आले. मी तर जवळपासही फिरकलो नाही. त्या आठवड्यात नाना समोरून येताना दिसले की मी पाण्याच्या टाकीला वळसा घालून लांबून जायचो. काय म्हणणार होतो? तुम्ही मला शिकवलंत, आता बाजूला व्हा?

त्यामुळे व्हायचं तेच झालं. धुळ्याला निघायच्या सकाळी नाना ट्रंक घेऊन आमच्याआधी फलाटावर उभे. डब्यात ते खिडकीशी बसले होते आणि भलतेच खुलले होते. धुळ्याजवळच्या एका खेड्यातले ते. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. इतक्या वर्षांत आबांनी धाकट्या भावाला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. गावात तर नाना रेल्वेत चेंडू झेलण्याचीच नोकरी करतात असा समज होता. ‘‘आबांना निरोप धाडलाय,’’ नाना हळूच म्हणाले. ‘‘उगाच धाडला बघ. कामाचे दिवस, लोकांचा खोळंबा. पण म्हटलं, एकदा बघू दे.’’ कप्तान चटकन उठून दाराशी जाऊन उभा राहिला, तो चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत परत आला नाही. धुळ्याची गाडी लागली, धुळं जवळ येत गेलं आणि आमच्या डब्यातलं बोलणं कमी कमी होत गेलं. नानांना वाटलं, आम्ही सामन्याला घाबरलोय. ते आम्हाला धीर देत होते.

मैदानावर पोचलो तर आबा खरंच आले होते. एकटे नव्हेत, निम्मं गाव घेऊन. पांढरी मिशी, लाल पागोटं, हातात झेंडूचा भलाथोरला हार. नाना तंबूत गेले, घडीची चड्डी चढवली, स्वेटर घातला आणि हात चोळत उभे राहिले. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कप्तानाने गाडी सुटताना शेवटचं सामान आत फेकावं तशी अकरा नावं भराभर घेतली. गोलात माझं नाव घेतलं आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. त्याबरोबर आम्हा सगळ्यांच्याच नाड्या एकदम सुटल्या. सगळा संघ ओणवा होऊन बांधलेल्या नाड्या सोडतोय आणि पुन्हा बांधतोय. तंबूत ताठ उभे असे एकटे नाना, मे महिन्याच्या उकाड्यात, लोकरीच्या स्वेटरमध्ये.

मी खालमानेने त्यांचे बूट तेवढे पाहत होतो. ते बूट कप्तानाकडे गेले. ‘‘माझ्यामुळे तुला हे बोलावं लागलं,’’ नाना म्हणाले. ‘‘मीच आधी व्हायला हवं होतं बाजूला. कळत होतं रे मलाही. पण पाय निघत नव्हता. माफ कर.’’ मग त्यांनी स्वेटर काढला. तो ओढून काढताना बनियनही वर गेलं आणि क्षणभर त्यांचं पांढुरकं, म्हाताऱ्यासारखं पोट उघडं पडलं. मला तेवढं दिसायला नको होतं. माणूस झिडकारला जाताना दिसावा, पण त्याचं पोट दिसू नये.

बाहेर आल्यावर ते आबांकडे गेले नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार? ते माझ्या गोलामागे, एका लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात सगळ्या गोंगाटाच्या वर आबांचा आवाज आला. शेतातून शेतात हाक मारणारा आवाज तो.

‘‘अरे, हाऊ पोऱ्या कोण शे? मन्हा भाऊ कोठे शे?’’

हा पोरगा कोण, माझा भाऊ कुठे आहे, असं ते आपल्या अहिराणीत विचारत होते. लोक हसले. आबांना वाटलं, आपलं ऐकू गेलं नाही. त्यांनी आणखी मोठ्याने विचारलं. मग त्यांच्यामागून सगळं गाव, ‘‘नाना कोठे शे? नाना कोठे शे?’’ माझे कान तापून लाल झाले. चेंडू केव्हा आला, कोणी मारला, मला आजही सांगता येणार नाही. लहान पोराने ढकलावा असा तो चेंडू होता. माझ्या दोन पायांच्या मधून गेला. आता हसणं थांबून शिव्या सुरू झाल्या आणि आबा तर हार घेऊन मैदानाच्या रेषेपर्यंत आले.

तेव्हा नाना उठले. बनियनवरच, चड्डी सावरत, सगळ्या गर्दीसमोरून चालत भावापाशी गेले. मला वाटलं, आता हे आबांची माफी मागणार, गावाची मागणार, धुळं शहराची मागणार. पण नाना भावासमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला.

‘‘आबा, गप ऱ्हाय! हाऊ मन्हाच पोऱ्या शे. त्याले मीच उभा करेल शे.’’

म्हणजे, हा माझाच पोरगा, त्याला मीच उभा केलाय.  आबांनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गावाकडे वळून हात वर केला. त्यानंतर सामना संपेपर्यंत ते सगळं गाव माझ्या नावाने ओरडत होतं. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ‘‘नानाना पोऱ्या! नानाना पोऱ्या!’’ नानांचा पोरगा, एवढंच. मी नंतर एकही गोल होऊ दिला नाही. पण आमच्याकडूनही झाला नाही. त्या एका गोलाने आम्ही हरलो. आणि सामना संपल्यावर आबांनी तो झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला. हरलेल्या संघाचा, गोल खाल्लेला गोलकीपर, आणि गळ्यात हार! मी तो काढून नानांना घालायला गेलो तर ते लहान मुलासारखे दोन पावलं मागे सरले. ‘‘राहू दे, राहू दे. आबांना वाईट वाटेल.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. नाना घरात नव्हते. नानींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘कप्तानाकडे गेलेत. त्याच्या मनाला लागलं असेल म्हणे.’’ मग कपबशी पुसत, ‘‘स्वतः पहाटेपासून जागे आहेत.’’ इतक्यात नाना आले. मला बघून दारातच थबकले. मी उठलो. दोघंही उभे. घोकलेलं एक अक्षर आठवेना. नानांनीच शेवटी सुटका केली. ‘‘कालचा तो चेंडू. तुझे गुडघे उघडे राहिले. चल, बघू.’’

मैदानावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मला गोलात उभं केलं आणि स्वतः समोर चेंडू ठेवला. तोवर माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की या माणसाने सगळं आयुष्य चेंडू अडवण्यात घालवलं, समोरून मारला असा कधीच नाही. पहिला फटका बाभळीत गेला. दुसरा चेंडूला लागलाच नाही. मग एकदा ते लांबून, लुटूलुटू धावत आले आणि काय जमून आलं कोणास ठाऊक, चेंडू खांबाला चाटून आत शिरला. मी जीव तोडून उडी मारली होती. मुद्दाम सोडला नव्हता. गोलाला जाळी नव्हती. चेंडू घरंगळत पार रुळांच्या कुंपणापर्यंत गेला.

नाना जागच्या जागी उभे. ‘‘लागलं तर नाही ना तुला?’’ म्हणाले. मी चेंडू आणायला वळलो तर त्यांनी हाताने थांबवलं. ‘‘थांब. मी आणतो.’’

ते सावकाश चालत कुंपणापर्यंत गेले, वाकून चेंडू उचलला आणि तिकडेच तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले. मालगाडी गेली, तिचा धूरही विरून गेला, तरी वळेनात. खांदे हलत होते एवढं दिसत होतं. हसत होते की काय, ते मला कळलं नाही. आणि विचारायची लाज वाटली.