बाळूची मोडकी जाळी

मुरगूडला दारात बसून मी शेंगा फोडत हुती, तवा बाळूच्या कंपनीतनं फोन आला. "आक्का, सायेब गेलं हो... मशीनीजवळच." म्हटलं, तिथंच जाणार की. घरात कवा हुता?

बाळू माझा धाकटा भाऊ. आई-बा गेल्यावर मी भट्टीवर विटा वाहिल्या, उन्हात डोकं भाजून घेतलं, त्येला शिकवला. शिकून कागलच्या एमआयडीसीत लागला. काम काय, तर काळजाच्या शिरंत घालायची तारंची जाळी मोडंपतूर हलवायची! माणसाच्या वर्सावर्साचं ठोकं मशीन दोन-चार म्हैन्यात देतंय, म्हणायचा. "धातूत बी दाणं असत्यात आक्का, जुंधळ्यागत. दाण्याच्या कडंनं चीर पळती. कुठनं पळंल ते मी आधीच कम्प्युटरवर काढतो." म्हटलं, "बा रानात दाणं पिकवून मेला, तू आता लोखंडात हुडीक!" हसायचा, आन् बोलता बोलता माझी लुगड्याची पिन वाकवून वाकवून मोडायचा. मेल्यानं घरात एक पिन धड ठेवली न्हाय.

मग माझ्याच छातीत शीर तुंबली. डॉक्टर म्हणलं, जाळी घालू. मी बाळूकडं बघितलं. "घालू का रं?" ह्यो माझी पिन वाकवत बसला! एवढा शिकल्याला, आन् पिन मोडून कामावर पळाला. दुसऱ्या दिशी खिशातनं एक जाळी काढून माझ्या हातावर ठेवली. तांदळाच्या दाण्यापरीस जरा लांब, मधीच तुटल्याली.

"ही मोडली?"

"व्हय. मोडंपतूर हलवली, म्हणून कळलं कुठवर टिकती. घाल, आक्का."

मोडकी वस्तू दावून धीर देणारा शाना ह्यो एकलाच. घातली मी.

त्येच्या सोताच्या छातीत कळा येत हुत्या, ते मातूर लपवलं. "पित्त हाय. मशीनीवरचा नमुना निघू दे, मग दवाखान्यात जातो..." ह्यो निघाला, नमुना अजून मशीनीवर हलतोय म्हणं. दुखवट्याला कंपनीचं लोक आलं. "लई मोठा माणूस हो, आक्का." मोठा कसला? दुसऱ्याच्या काळजाचं समदं कळलं, आपल्याला सवड न्हाय. म्हटलं, "पावणं, च्या घ्या आन् जावा. मशीन वाट बघत आसंल."

मोडकी जाळी कुंकवाच्या करंड्यात हाय. सून म्हणती टाका. छातीतली चालू हाय... आन् डबीतल्या पिना जिथल्या तिथं. एकबी मोडली न्हाय. काल मीच एक घेऊन वाकवत बसली. बोटं दुखली, मोडंना.