अण्णाचं कन्नड

आता कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा पाजलाय तुम्ही, तर ऐका. हसू आलं तर हसा, मी मना करणार न्हाई.

गुलबर्ग्याच्या डाळमिलमध्ये दहा वर्षं काढलेला माणूस मी. आमचं गाव कर्नाटकातलं, पण घरोघरी मराठी; माझ्याएवढं कन्नड कुणालाच येत नव्हतं. तहसील असो की बँक, "अण्णाला घेऊन जा!" मीही इस्त्रीचा सदरा घालून पुढं. काय तो रुबाब!

धाकटा भाऊ दत्तू पुण्याला गवंडीकामावर. त्याची बायको मंगल आठ महिन्यांची गरोदर. माझी बायको माहेरी गेलेली. एके दिवशी आई म्हणाली, "पोरगी सारखी दवाखाना दवाखाना करायलीय. माझ्या बहिऱ्या कानाला पुढचं काही कळंना. तूच घेऊन जा."

आता आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरापुढं तोंड उघडत न्हाई. लग्नाला चार वर्षं झाली, मी तिचा आवाज ऐकला नव्हता. आणि मी तिचा दुभाषा! आलं का ध्यानात?

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हैसुराकडचे, मराठीचा गंध न्हाई. त्यांनी कन्नडात विचारलं. मंगल पदरात, मान खाली. थोरल्या दिरानं भावजयीला असलं विचारायचं तरी कसं? म्हटलं, आपणच सांगून टाकू.

"जेवण जातं?"

"दोन भाकरी, सार!"

"डोकं दुखतं?"

"छे!"

"बाळ फिरतं का पोटात?"

"फिरतं म्हंजे? आमच्या घरचं हाय, लाथा घालतंय!"

माझ्या हातवाऱ्यावरून तिला कळलं असावं. पदराआडून तिनं मान हलवली, आडवी, दोनदा. मला वाटलं, लाजायलीय.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आत झोपवा, तपासतो."

"नको सार, आमच्या बाया असं..."

"मग सिस्टरला बोलावू? तिला मराठी येतं."

"बेड सार, बेड!" म्हंजे नको, नको. "मी हाय की!"

रागच आला होता मला. दहा वर्षांचं कन्नड माझं, आणि वर एक नर्स? डॉक्टरांनी बाहेरची रांग बघितली आणि लाल गोळ्या लिहून दिल्या. परतताना बसमध्ये ती सगळ्या वाटेनं पदरात हुंदके देत होती. मी म्हटलं, बस लागली असंल. खिडकी उघडून दिली!

तिसऱ्या दिवशी ती आईचा हात धरून आपली आपणच स्टँडकडं निघाली. मी मागं पळालो. दवाखान्याच्या दारात ती मराठीवाली सिस्टर उभी होती, औरादकडची. तिनं मंगलला आत घेतलं आणि माझ्या तोंडावर पडदा ओढला.

पडद्यामागून मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"सिस्टर, पाच दिवस झाले, बाळ हालंना. सोमवारी हेच सांगायला आले होते."

बाळ आतच गेलं होतं. मुलगी होती.

सिस्टर हात पुसत बाहेर आली. "सोमवारी मी ह्या भिंतीपलीकडं होते हो. हाक कामून न्हाई मारली?"

दोन भाषा येत होत्या, एकीतही तोंड उघडंना.

दत्तू पुण्याहून आला. मंगलनं त्याला माझं काही सांगितलं न्हाई. तो उलटा माझ्याच गळ्यात पडून रडला, "अण्णा, तू होतास म्हणून तिला दवाखाना तरी दिसला." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अजून होतंय.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. परत मीच घेऊन गेलो. आणि बघा माणसाची खोड! तिचं नाव पुकारलं तसा मी सदरा नीट करून, घसा खाकरून आत पाय टाकला.

मंगल थांबली. पदर डोक्यावरच होता, पण तोंड माझ्याकडं.

"अण्णा, तुम्ही भाईर बसा."

सहा वर्षांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. दुभाषा लागला न्हाई. मी बाहेर बसलो.