ढमाल नावाचा दोस्त

किल्लीवाल्याचा एक नियम होता आणि त्याची त्याला भलती घमेंड होती. मालक समोर उभा नसेल तर कुलपाला हात लावायचा नाही. भावाची खोली आहे, बायकोचं कपाट आहे, अशा थापा मारत कोणी आलं की हा सरळ सांगायचा, "मालकाला घेऊन या, मग बघू." गिऱ्हाईक गेलं तर गेलं. आणि अशा या माणसाने स्वतःच्या लेकीच्या मनात चोरपावलांनी शिरावं! काय म्हणायचं याला?

त्याचं झालं असं. त्याची ठकू, पाचवीतली बडबडी पोर, शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर बसून बापाचं डोकं खायची. ती एकाएकी गप्प झाली. घरी आली की खोलीत, दार बंद, हातात टॅब आणि त्यावर तिचा तो घरं बांधायचा खेळ. "काय झालं गं?" विचारलं तर "काही नाही." जेवतानाही मान खाली.

"अहो, जवळ घेऊन विचारा की तिला," बायको म्हणाली. "का पोटच्या पोरीशी बोलायचीही भीती वाटते?"

वाटत होती, खरं सांगायचं तर. आणखी एक "काही नाही" त्याला सोसवलं नसतं. मग या शहाण्याने काय केलं? दुकानात बसून व्हिडिओ बघबघून तो खेळ शिकला. पोरं तिथे कशी बोलतात तेही शिकला. ठकूचं खेळातलं नाव त्याला ठाऊक होतं, पूर्वी तिनेच कौतुकाने दाखवलं होतं. ढमाल असं नाव घेऊन, अकरा वर्षांचा मुलगा बनून, हा बाप्या तिने खेळात बांधलेल्या गावात दाखल झाला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर याने त्याची तंगडी तोडली असती.

ढमालचं बांधकाम म्हणजे आनंदीआनंद. भिंत वाकडी, जिना थेट भिंतीत घुसलेला. खोलीत ठकू खदखदून हसायची आणि बाहेर हा फोन घेऊन बसलेला तिचं हसू ऐकायचा. बरं वाटायचं हो त्याला. तेवढ्यावर थांबला असता तर!

एका संध्याकाळी ढमालने लिहिलं, "तू घरी कोणाशी बोलत नाहीस का?"

ठकूचं उत्तर आलं. "बाबाशी नाही बोलत. शाळेतलं कपाट अडकलं होतं, ते उघडायला तो आला होता. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हा कळकट माणूस? मी म्हटलं, मला काय माहीत. बाबाने ऐकलं. तरी काहीच बोलला नाही. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

किल्लीवाल्याने काहीएक ऐकलं नव्हतं. त्या वेळी त्याचं डोकं कपाटात होतं. त्याने आपल्या काळ्या नखांकडे बघितलं. वाईट वाटलं, पण लाज त्याहून जास्त वाटली. पोर इतके दिवस आतल्या आत कुढत होती, आणि शेवटी जे सांगितलं ते बापाला नाही, एका खोट्या पोराला.

"सांगून टाक बाबाला. तो नाही रागावणार," ढमालने लिहिलं.

दार उघडलं. त्याने घाईघाईने फोन मांडीखाली सरकवला. ठकू समोर येऊन उभी राहिली आणि रडत रडत सगळं बोलून गेली.

"अरे बापरे! असं झालं होय?" तो दचकून म्हणाला. "मला तर पत्ताच नव्हता!" त्याने तिला पोटाशी धरलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. दचकणं मात्र खोटं होतं.

"आता तुझ्यापासून काही म्हणजे काही लपवणार नाही," ठकू नाक पुसत म्हणाली. "थांब, ढमालला सांगून येते. त्यानेच धीर दिला मला." आणि आत पळाली.

मांडीखाली फोन थरथरला. पुन्हा थरथरला.

"बाबा, तो उत्तरच देत नाहीये रे!" आतून हाक आली.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण एवढीशी पोर आपली चूक कबूल करून मोकळी झाली होती, आणि हा घोडा फोनवर बसून होता. त्याला स्वतःची शिसारी आली. तो उठला, तिच्या दारात गेला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"ठकू, तो मीच आहे गं."

तिने फोन बघितला. तिचंच बोलणं त्यात होतं. ते तिने पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग मघाशी दचकलास ते?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठकूने दार लावून घेतलं आणि आतून खटका ओढला. तो खटका त्यानेच बसवलेला. बाहेरून उघडायला त्याला साधा चमचा पुरला असता.

"उघडा ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बघत काय बसलात?"

"तिला वाटलं तर ती उघडेल," तो म्हणाला, आणि दाराबाहेर फरशीवर बसून राहिला.