कमलचं कलम

जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यांच्या रांगेमागे एक लहानसा छापखाना आहे. तिथे बियाण्यांच्या पाकिटांवरची लेबलं छापतात. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर मला पहिली नोकरी तिथे लागली. काम मुद्रितशोधनाचं होतं, पण तो शब्द तिथे कुणाच्या तोंडी नव्हता. सगळे मला 'प्रूफवाल्या मॅडम' म्हणत. बियाणं कंपनीकडून मजकूर मोबाइलवर यायचा, संगणकावर त्याची जुळणी व्हायची, मी तो तपासून खाली सही करायची, आणि सही झाली की प्लेट बनायची.

छपाईचं मशीन चाचा चालवायचे. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी, बोटांच्या नखांत कायमची शाई. उर्दू शाळेत ते चौथीपर्यंत शिकले होते. मराठी वाचायला शिकले ते मशीनशेजारी उभं राहून. पहिले चार महिने मी त्यांच्याशी 'झालं का' आणि 'कधी होईल' यापलीकडे बोलले नव्हते.

एका सकाळी मशीनचा आवाज मध्येच थांबला आणि चाचांनी मला हाक मारली.

"बेटा, इकडं या जरा."

त्यांच्या हातात भेंडीच्या एका नव्या वाणाचं लेबल होतं. कंपनीनं त्या वाणाचं नाव 'कमल' ठेवलं होतं. मी लेबल पाहिलं आणि म्हणाले, "काय झालं? बरोबर तर आहे."

"परत बघा."

मी परत पाहिलं. मला कमलच दिसलं. तेव्हा त्यांनी आपलं काळं बोट शेवटच्या अक्षराखाली ठेवलं. ते अक्षर म होतं. ल त्याच्या आधी होता. लेबलावर ठळक, हिरव्या अक्षरांत 'कलम' छापलं होतं, आणि प्रूफच्या कागदाखाली माझी सही होती.

"तुम्हाला कसं दिसलं?" मी विचारलं.

"तुम्ही वाचता, बेटा. मला तसं पटपट वाचता येत न्हाई. मी एकेक अक्षर बघतो."

मी मालकांच्या, म्हणजे शेठच्या खोलीत गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी सही कुणाची ते विचारलं. मी माझी म्हणाले. त्यांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला, लेबलं एक दिवस उशिरा मिळतील म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही मराठीच शिकलात ना कॉलेजात?" ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन मागच्या पायरीवर एकटीच बसले. डबा तसाच बंद होता. चाचा आले, दोन पायऱ्या सोडून बसले आणि त्यांनी वाया गेलेलं एक लेबल उलटं करून मांडीवर ठेवलं.

"कलम म्हणजे काय, म्हाईत हाय ना?"

"पेन. लेखणी."

"पेन न्हाई. बोरू." त्यांनी पेन्सिलीनं एक तिरपं टोक काढून दाखवलं. "माझे अब्बा कातिब होते. लग्नाच्या पत्रिका हातानं लिहायचे, त्या मंग दगडावर छापायच्या. बोरू असा तिरपा कापावा लागतो. काप बिघडला की अक्षर बिघडलं. आमच्यात 'कलम करना' म्हणजे कापणं."

मला एकदम आमच्या गावची, टेंभुर्णीची, मोसंबीची बाग आठवली. रोपवाटिकेतून आणतात त्या रोपांना आम्ही कलमंच म्हणतो, आणि डोळा भरताना, फांदी जोडताना कापच घ्यावा लागतो. मी ते सांगितलं. मग कायद्याची कलमंही आठवली. बोरू, रोप आणि कायदा एका शब्दात राहतात, आणि पंधरा वर्षं मराठी शिकून मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी डबा संपवला.

सुट्टीच्या दिवशी मी शहरातल्या वाचनालयात जाऊन जाडजूड कोश काढले. 'कमल' संस्कृत, हे ठाऊक होतं. 'कलम' अरबीतून आलं, आणि अरबीतल्या शब्दाचं नातं पार ग्रीकांच्या बोरूशी सांगतात, हेही मिळालं. पण संस्कृत कोशात आणखी एक 'कलम' निघाला. त्याचा अर्थ भाताचा एक वाण. मी ती ओळ तीनदा वाचली, आणि चाचांसारखी एकेक अक्षर बघून वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणाले, "चाचा, आपण चुकून भाताचं नाव भेंडीला दिलं."

ते बराच वेळ हसत राहिले. "शेठला सांगू नका. पुढच्या वाणाला तेच नाव ठेवतील."

तिथून आमचा दुपारचा खेळ सुरू झाला. अक्षरं तीच राहिली पाहिजेत, काना-वेलांटी ज्या अक्षराची त्याच्याकडेच राहिली पाहिजे, फक्त जागा बदलायच्या. सोपे शब्द आधी संपले. मका आणि काम. कान आणि नका. माझ्या डब्यात भजी होती त्या दिवशी जीभ सापडली. दवा आणि वाद एकाच दिवशी निघाले. त्यातला दवा चाचांच्या उर्दूकडचा, वाद माझ्या संस्कृतकडचा. एकाच अक्षरांतले दोन शब्द अशा दोन दिशांनी आलेले असायचे, आणि मला त्याचंच नवल वाटायचं.

क, म आणि र ही तीन अक्षरं आम्हाला आठवडाभर पुरली. मी मकर लिहिलं. चाचांनी रकम. मग त्यांनी कमर लिहिलं आणि म्हणाले, "हे दोन शब्द हायत."

"एकच तर दिसतोय."

"तुमच्या अक्षरात एक दिसतो. उर्दूत दोन क असतात. एका क चा कमर म्हणजे कंबर. दुसऱ्या क चा म्हणजे चांद." त्यांनी दोन्ही उर्दूत लिहून दाखवले. मला दोन्हींत फारसा फरक कळला नाही, तेव्हा त्यांनी आपल्याच पद्धतीनं सांगितलं, "परत बघा."

मग मी करम लिहिलं. हे आपलं कर्म, बोलण्यात मोडलेलं, असं मी म्हणाले. चाचांनी मान हलवली. "आमच्यातबी करम हाय. मेहेरबानी. तुमचं करम केल्याचं फळ, आमचं करम न मागता मिळालेलं." मी दोन्ही अर्थ वहीत एकाखाली एक लिहिले. तोवर मी एक वही केली होती.

ख, ब आणि र आले तेव्हा खरी गंमत झाली. खबर आणि बखर. कोशात पाहिलं तर काही जाणकार म्हणत होते की बखर हा शब्द खबरचीच अक्षरं उलटून झाला. दुसरे म्हणत होते, तसं नाही, मजकुराच्या शेवटी 'ब-खैर', म्हणजे सगळं क्षेम, असं लिहीत, त्यावरून झाला. म्हणजे आम्ही दुपारी पायरीवर बसून जे करत होतो ते भाषेनंही कधीतरी केलं असावं. चाचांना त्यात विशेष वाटलं नाही. "आमच्या कुफ्लचं तुम्ही कुलूप केलं न्हाई का? ल पुढं आणला, फ मागं टाकला अन् त्याचा प केला. अक्षरं जुळवताना असंच होतं."

त्या शनिवारी मी टेंभुर्णीला घरी गेले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मी मराठी घेऊन काय करणार, हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता, पण तो घरात असायचा. जेवताना मी त्यांना चाचांची आणि खबर-बखरची गोष्ट सांगितली.

"बखर?" अण्णा म्हणाले. "वखराला म्हणतेत की बखर. आम्ही म्हशी आणायला बऱ्हाणपूरकडं गेल्तो तव्हा ऐकलं मी."

"अण्णा, ही बखर वेगळी. इतिहासाची. शेतात तण काढतात तो वखर."

"असंल," ते म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

सोमवारी मी हे चाचांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

"तुम्ही त्यांना चूक म्हणलं. आधी बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. तिथेच मोबाइल काढला आणि शोधू लागले. थोड्या वेळानं मध्य प्रदेशातल्या एका शेतकऱ्याची हिंदी चित्रफीत सापडली. दोन बैल, मागे आमच्याकडच्यासारखाच वखर, आणि तो माणूस पुन्हा पुन्हा त्याला बखर म्हणत होता. चाचांनीही पाहिलं आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. लेबल चुकलं तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

मी पायरीवरूनच अण्णांना फोन लावला. "अण्णा, तुमचं बराबर होतं. तिकडं बखरच म्हणतात."

"मंग? मी काय खोटं सांगून राह्यलो व्हतो का?" मग त्यांनी विचारलं, "कोण सांगितलं तुला?"

"मोबाइलवर बघितलं. पण बघायला चाचांनी लावलं."

"त्यांला घेऊन ये एकदा."

पुढच्या सुट्टीला चाचा खरंच माझ्याबरोबर बसनं टेंभुर्णीला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आणि घरच्यांसाठी अर्धा किलो खारी घेऊन. चहा झाल्यावर अण्णा त्यांना बागेत घेऊन गेले. मोसंबीच्या ओळींमध्ये तण माजलं होतं. अण्णांनी बैल जुंपून वखराची एक फेरी मारून दाखवली, मग वखर आडवा करून खालची लोखंडी पट्टी दाखवली.

"हिला पास म्हणतेत. ही जमिनीखालून तण कापत जाती."

"आमच्यात पास म्हणजे जवळ," चाचा म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अन् हिच्या कॉलेजात पास म्हणजे पास."

दोघंही स्वतःवर खूश झाले. मी बांधावर बसून पास, पास, पास असं तीनदा लिहिलं आणि पुढे तिघांचे तीन अर्थ लिहिले. चाचांनी वखराच्या मुठीला, रुमण्याला, हात घातला, अण्णांनी बैलांचा कासरा धरला, आणि दोघांनी मिळून एक वाकडीतिकडी ओळ काढली. वखर या शब्दाचं मूळ मात्र मला अजून कुठे खात्रीनं सापडलेलं नाही. वहीत त्याच्यापुढची जागा मोकळी आहे.

चाचा गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. मी अजून त्याच छापखान्यात आहे. खेळ थांबेल असं वाटलं होतं, पण झालं भलतंच. आठवड्यातून एकदा तरी अण्णांचा फोन येतो, तोही कामाच्या वेळात. परवा आला तेव्हा मी सोयाबीनच्या लेबलात गुंतले होते.

"बाई, आपण पाण्यात बुडतो. अन् बऱ्हाणपूरवाले अन् तुझे चाचा डुबतेत. ब अन् ड तेच. तुझ्या वहीत हाय का हे?"

नव्हतं. उकार खेळाच्या नियमात बसत नव्हता, तरी मी संध्याकाळी कोश पाहिला आणि त्यांना फोन करून सांगितलं की प्राकृतात 'बुड्ड' असं रूप मिळतं, म्हणजे आपलं बुडणं जुन्याला धरून आहे, आणि डुबणं त्याची अक्षरं उलटून झालेलं दिसतं.

अण्णा समाधानानं म्हणाले, "म्हंजे उलटं ते बोलतेत. सांग तुझ्या चाचाला."

मी चाचांना फोन लावला.