अण्णांची आठ हजार पावलं

माझ्या वडिलांची साखर मी वाढवली. शिकलेला असल्यामुळे अगदी पद्धतशीरपणे वाढवली.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. (सेकंड क्लास, पण एका झटक्यात!) लाइट बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यासमोर येतो. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "अण्णा, दीड महिना देतो. रोज चाला, गोड बंद करा. साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई," तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी जरा जास्तच. विंचू चावला तरी हूं की चूं न करणारा हा माणूस, सुईचं नाव काढलं की पांढरा पडतो.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या मोबाइलवर आरोग्याचं अ‍ॅप टाकून दिलं. ते पावलं मोजतं, काय खाल्लं ते लिहून घेतं, वर शाबासकीही देतं.

"आठ हजार पावलं, अण्णा. रोज."

"जायाचं कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं चालायचं. इथंच जॉगिंग ट्रॅक आहे."

"बिनकामाचं?" अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की बी.कॉम.चं सर्टिफिकेट परत करावंसं वाटलं. "गोल गोल फिरू? घाण्याचा बैल हाय का मी?"

सिन्नरकडच्या शेतात जन्म गेलेला, आता शहरात माझ्याकडे राहायला आलेला माणूस. काम नसताना एक पाऊल टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी उंडारणं!

पण काय सांगू, दुसऱ्याच दिवशी आठ हजार! तिसऱ्या दिवशी नऊ! मी रोज त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला लागलो. खाली मजकूर : 'आरोग्य आपल्या हाती!' सहा म्हाताऱ्यांच्या मोबाइलवर (त्यांनी न मागता) अ‍ॅप टाकून दिलं. खाण्याच्या रकान्यातही अण्णा भाकरी, मेथी, ताक असं नेमानं सांगायचे आणि माझी बायको कल्पना ते भरायची.

एकदा ती म्हणाली, "अहो, अण्णा हल्ली सकाळचा चहा नको म्हणतात."

"बघ! याला म्हणतात जागृती!"

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. साखर उतरली नव्हती. चांगली चढली होती!

"चालतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी मार्कशीट दाखवावी तसा मोबाइल पुढे केला. ते चक्रावले. "अण्णा, चालता कुठं?"

"आता नुसतं कसं चालायचं? पवननगरला इंदूकडं जातो. तिथनं भागवततात्याकडं. तिथनं उत्तमनगर. समदी आपल्याच गावची माणसं. घडीभर बसतो, च्या घेतो, उठतो."

"अशी किती घरं?"

अण्णांनी बोटं मोजली. एक हात पुरला नाही. "सात. रविवारी आठ."

"साखरेचा चहा?"

"मग काय मिठाचा?"

मी ओरडलो, "अण्णा! हे अ‍ॅपमध्ये का नाही सांगितलं?"

"लोकांनी दिलेला मान कुठं लिहायचा? हाय का त्यात रकाना?"

नव्हता.

डॉक्टरांनी शेवटचे पंधरा दिवस दिले. रिक्षा घराजवळ आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "सुदाम, माझ्यानं त्यांना नाय म्हणवत नाय रे. तू सांग. तू शिकलेला."

गेलो. इंदूआत्या म्हणजे अण्णांची चुलत बहीण. ऐकून तिनं डोळ्यांना पदर लावला. "अण्णाला साखर? आन् आमाला पत्ता नाय! आजपासून थेंब देणार नाय त्याला."

"उपकार होतील, आत्या. येतो."

"येतो काय? किती दिसांनी उंबरा चढलास! बस!" कप आला.

"आत्या, नको..."

"शिकला म्हंजी आमच्या घरचा च्या चालत नाय व्हय तुला?"

प्यायलो. तात्यांकडे बशीत खारीसुद्धा होती. सातही घरांत हेच!

बरं, एवढ्यानं सुटेल म्हणता? अण्णांना एकटं सोडायची हिंमत होईना, म्हणून फेरी संध्याकाळची केली आणि ऑफिसातून आलो की मी बरोबर निघू लागलो. घराघरात अण्णांना पाणी मिळायचं. पण पाहुणा चहाशिवाय पाठवायचा कसा? "बरं, अण्णाला नको ना? मग सुदामला दे!" मी अण्णांकडे बघायचो. अण्णा मान हलवायचे. "घे रे. त्यांना वाईट वाटंल."

पंधरा दिवसांनी अण्णांची साखर उतरली. सुई टळली! मला तर दवाखान्यातच नाचावंसं वाटलं. डॉक्टरही खूष. "अण्णा, जमवलं कसं?"

अण्णांनी माझ्या पाठीवर अभिमानानं हात ठेवला. "पोरगं शिकलेलं हाय, डॉक्टर. माझ्या वाटचा समदा च्या त्यानं स्वतः पिला!"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तपासणीचा एक कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर माझं नाव लिहिलं.

"याला सुई चालंल," अण्णा म्हणाले. "ग्रॅज्युएट हाय तो."