दिघोरी ते बपेरा आणि परत, टोचन न लावता

माझ्या पोराने गाडी विकायचं ठरवलं तेव्हा मी धान कापणाऱ्या बायांना चहा देऊन राहिली होती. प्रमोद बांधावर आला आणि हवापाण्याची गोष्ट सांगावी तसा बोलला.

"आई, नागपूरकडचा एक रिसॉर्टवाला आहे. गेटाजवळ चबुतरा बांधून त्यावर आपली गाडी ठेवतो म्हणते. चारी बाजूंनी कुंड्या."

"अन् चालवंल कोण?"

"चालते कुठं आता? तासाभरात तापते. रविवारी येऊन राहिला तो पाहाले."

आधी गाडीचं सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल म्हातारी कोणत्या डबड्यासाठी भांडून राहिली. विलायती गाडी आहे, शर्यतीच्या जातीची. लाल रंग, दोनच सीट, कापडी टप, जमिनीपासून वीतभर उंच. तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीचा साहेब ती मागे टाकून गेला. माझा नवरा तिथे ड्रायव्हर होता. त्याने ती भंगाराच्या भावात घेतली आणि गुलाब मिस्त्रीने दोन वर्षं खपून तिला उभी केली. पुढे नवऱ्याची नजर गेली, मग तो बाजूला बसला आणि मी चालवायला शिकली. तो जाऊन नऊ वर्षं झाली. कागदावर नाव माझं आहे. मी चौथी शिकली, पण कुठे सही करायची नाही एवढं मला चांगलं समजते.

मी प्रमोदला सर्व बायांसमोर सांगितलं, "शुक्रवारी मी बपेऱ्याला मिस्त्रीकडे जाते. रविवारी दुपारपर्यंत परत येते. जाता-येता एकदा जरी टोचन लागलं, तर तुझ्या रिसॉर्टवाल्याले सही करून देईन."

टोचन म्हणजे बंद गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढणे. बाया हसल्या. प्रमोद हसला नाही. त्याने होकार दिला, म्हणजे गाडी बंद पडेल याची त्याला खात्री होती.

शुक्रवारी सकाळी सातला निघाली. बाजूला पार्बता. ती आमच्या तलावात जाळं टाकते, आणि तिची लेक सिहोऱ्याला दिली आहे, बपेऱ्याच्या थोडी अलीकडे. बसने गेली असती तर तीनदा बदलावी लागली असती. मांडीवर टोपली, टोपलीत लेकीसाठी सुकवलेल्या मासोळ्या.

दिघोरी ते पालांदूर रस्ता अरुंद आहे. तुमची गाडी बसकी असेल तर घाई करू नका, नाही तर सायलेन्सर रस्त्यावर सोडून घरी जाल. लाखनीला महामार्ग लागतो. तिथे आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा दुसऱ्यांदा फुकट देतात, फक्त मागावा लागतो. बाजूच्या टेबलावरचा ट्रकवाला गाडी पाहून म्हणाला, "आजी, खेळण्यातली गाडी घेऊन कुठं चालल्या?"

"तू मालकाची चालवते, मी माझी चालवते," मी म्हटलं. "मुकाट्यानं खा."

लाखनीच्या पुढे इंजिनाच्या गरमीचा काटा चढायला लागला. अशा वेळी लोक घाबरून गाडी बंद करतात. मिस्त्रीने मला फार आधी एक युक्ती सांगून ठेवली आहे. गाडी थंड मुलखातली, तिला हीटर आहे. काटा चढला की हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची आग आत आपल्या पायावर येते आणि इंजिनाला थोडा आराम पडतो. मी सोडला.

"यशोदे, माहे पाय भाजून राहिले वं," पार्बता म्हणाली.

"भाजू दे. तू मासोळ्या भाजते तेव्हा त्या बोंबलतात का?"

मासोळ्यांनी पण मग आपला वास सोडला. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली तेव्हा आम्ही दोघी तोंड बाहेर काढून बसलो होतो. वरठीच्या बाजूला एक थांबा, मोहाडीजवळ दुसरा, तुमसरात तिसरा. प्रत्येक ठिकाणी चार पुरुष गोळा व्हायचे आणि पाच सल्ले द्यायचे. एक तर झाकण उघडायलाच निघाला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येते. मी त्याला म्हटलं, "उघड, पण आधी घरी फोन करून सांगून ठेव." तो मागे सरला. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास बसून राहणे, एवढाच इलाज. जेवणाचा डबा सोबत ठेवा.

सिहोऱ्याला पार्बता उतरली. "जिवंत राहिली तं घरी भेटू," म्हणाली. ती लेकीकडे राहून मागून बसने येणार होती. चार वाजता मी एकटी बपेऱ्याला पोचली.

गुलाब मिस्त्री ऐंशीच्या वर गेला आहे. तुमसरचं गॅरेज बंद करून आता लेकीकडे राहतो. त्याचे कान गेले हे मला ठाऊक नव्हतं. अंगणात गाडी उभी केली, हॉर्न वाजवला, त्याने मान वर केली नाही. समोर जाऊन उभी राहिली तेव्हा पाहिलं.

"वहिनी, जिवंत आहा?"

"तुमी आहा का ते पाहाले आली."

"काय म्हणता?"

"आहा का ते पाहाले आली!"

मी मनात म्हटलं, झालं. बहिरा मिस्त्री इंजिनाचा आवाज काय ऐकणार? म्हाताऱ्याने लांब पेचकस आणला, त्याचं पातं इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मूठ दातात धरली. पुढचे दोनच दात उरले आहेत, पण कामाचे आहेत. डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. इंजिनाची थरथर हाडातून आत जाते म्हणे.

"इंजिन चांगलं आहे," मूठ काढून तो बोलला. "इचा श्वास कोंडून राहिला. सकाळी पाहू."

त्याच्या लेकीने रात्री भात आणि अंबाडीची भाजी केली होती. पोटभर जेवली आणि झोपली.

सकाळी थंड रेडिएटरचं झाकण उघडलं. मिस्त्रीने आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट पिवळं झालं होतं, वरून चिखल.

"हे काय होय?"

"हळद."

"काय?"

"हळद!" तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा शेजारची बाई पण कुंपणाजवळ आली.

झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी रेडिएटर थेंब थेंब गळायला लागला. माणूस चिरला तर आपण हळद दाबतो. एक ट्रकवाला पण म्हणाला होता की चिमूटभर हळदीने भोक बुजते. बुजलं. मग गळलं की मी मूठभर टाकत गेली. थोडी वाढवूनच टाकली, घरची होती म्हणून.

"वहिनी," मिस्त्री म्हणाला, "हे इंजिन आहे, बाळंतीण नाही."

कुंपणाजवळची बाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. आणि मला आठवलं की दोन वर्षं मी प्रमोदला शिव्या घालत होती, की तू बोडीचं, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याचं, गढूळ पाणी भरते म्हणून गाडी तापते. पोराने एकदाही बोडीचं पाणी भरलं नव्हतं. चूक माझी होती. लिहून टाकली, आता पुन्हा विचारू नका.

रेडिएटर खाली उतरवला. शेतातल्या पंपाचा पाइप खालच्या तोंडाला लावून उलट पाणी मारलं. दुपारपर्यंत पिवळंच पाणी निघालं. जिथे गळत होतं तिथे मिस्त्रीने कथील वितळवून डाग दिला. डाग देताना त्याने मनगट गुडघ्यावर दाबून धरलं होतं.

मग तो खाट ओढून बसला. "कार्बोरेटर तुमी खोला."

"मी? मग तुमी कशाचे मिस्त्री?"

"बोलाचा. माह्या बोटातून पेच पडून राहिले. उद्या मी नसलो तं कोणाकडे जाल?"

या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत, दोन लोटे उलटे ठेवावे तसे. प्रत्येकाच्या आत एक दट्ट्या वर-खाली होतो. बोटाने उचलून सोडला की खाली पडून टक वाजला पाहिजे. वाजला नाही म्हणजे कचऱ्याने अडला आहे. मग लोटा खोला, दट्ट्या पेट्रोलने धुवा, पुसा, बसवा. लोट्यांची अदलाबदल करू नका, प्रत्येकाचा दट्ट्या वेगळा आहे. मिस्त्रीने मला संध्याकाळपर्यंत दोन्ही चारदा खोलायला आणि बसवायला लावले. मी शिव्या दिल्या, त्या त्याला ऐकू गेल्या नाहीत. टक वाजला का हे तो दरवेळी माझ्याकडे पाहून विचारायचा.

रविवारी सहाला निघाली. काटा मध्ये उभा, हीटर बंद, पाय थंड. तुमसर मागे गेलं, भंडारा मागे गेलं, लाखनी साडेनऊला आली. कुठेच थांबावं लागलं नाही. पालांदूर ओलांडल्यावर मी गाणं म्हणायला लागली होती, तेही वाईट आवाजात.

तिथेच रस्त्यावर लोकांनी कापलेलं धान पसरवलं होतं. आमच्याकडे असंच करतात. गाड्या वरून गेल्या की दाणे सुटतात, मळणीची मेहनत वाचते. कडेचा माणूस हात करून म्हणाला, "येऊ द्या आजी, येऊ द्या." मोठ्या गाड्यांना काही होत नाही. माझी गाडी पोटावर चालते. तणस, भुसा, धूळ सर्व आत शिरलं. दोन फर्लांग गेल्यावर गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. दिघोरी तीन-चार किलोमीटर उरली होती.

प्रमोद समोरून ट्रॅक्टर घेऊन आला. नऊ वाजल्यापासून फाट्यावर उभा होता, सांगितलं नाही पण समजलं. सीटखाली दोर होता.

त्याने खाली उतरून मागे-पुढे पाहिलं. रस्ता रिकामा होता. "आई, ऊन चढून राहिलं. दोर बांधतो. गावाच्या अलीकडे सोडतो, मग ढकलत नेऊ. कोणी पाहून नाही राहिलं. मी कोणाले सांगत नाही."

"मी पाहून राहिली ना," मी म्हटलं.

तो बांधावर जाऊन बसला. मी लुगड्याचा पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. आधी हवा गाळायचे डबे काढून झटकले. पहिला दट्ट्या उचलून सोडला, टक. दुसरा सोडला, काहीच नाही. पेच गरम होते, बोटं भाजली. एक पेच मातीत पडला तेव्हा प्रमोद उठून आला आणि आपली टोपी उलटी करून पुढे धरली. मी त्यात एकेक पेच टाकत गेली. दट्ट्या पेट्रोलने धुतला, पदराने पुसला, बसवला. नाही वाजला. पुन्हा काढला, पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा सोडला.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं," तो म्हणाला.

त्याला मी तेव्हाच हळदीचं सांगितलं. "दोन वर्षं तुले उगाच बोलली. पाणी तुह्यं बरोबर होतं." तो टोपीतले उरलेले पेच मोजत राहिला. मग म्हणाला, "मले माहीत होतं. तू ऐकते कुठं?"

गाडी सुरू झाली. तो रिकामा ट्रॅक्टर घेऊन मागून आला. घरी पोचलो तेव्हा अजून बारा वाजायचे होते.

तीन दिवसांत पेट्रोल दोन हजाराच्या वर गेलं, दोन बोटं भाजली, सीटला मासोळ्यांचा वास आहे. गुलाब मिस्त्री पुढच्या दिवाळीला असेल, नसेल. असला तर जाईन. नसला तरी गाडी चालेल, कारण आता ती मला खोलता येते. जुनी गाडी घेऊन निघायचं मनात असेल तर निघा, पण आधी तिला हाताने ओळखा, आणि हळद भाजीत टाका.

रिसॉर्टवाल्याचा फोन आला तेव्हा प्रमोद अंगणात हात धूत होता. रिसॉर्टवाला वाटेतच होता, पत्ता विचारून राहिला होता. प्रमोदने माझ्याकडे पाहिलं.

"नाही जी," तो फोनवर म्हणाला. "येऊ नका. गाडी चालू आहे."