आज मी नवऱ्याचे मखमली बूट घातले

हसा, मंडळी, हसा. पन आधी ऐका.

सकाळी झाडलोट करताना सूनबाईनं माळ्यावरनं त्यांचे बूट काढले. बिनदोरीचे, मखमली चामड्याचे, वरच्या पट्टीला नाणं बसंल एवढी खाच. शहाऐंशी साली पुण्यासनं हौसेनं आनलेले. एकदाच घातले, टाच सोलली. म्हनले, "घालून घालून मऊ हुतील." त्याच महिन्यात ते गेले.

तेराव्याला जाऊबाई म्हनली, "पायताण दान कर, म्हंजी वरच्या वाटंला त्यांना काटं टोचायचं न्हाईत." मी जुन्या वहाणा दिल्या. चावरे बूट देऊन मानसाला तितंबी लंगडत धाडू व्हय?

आज सून म्हनली, "आत्या, आता तरी कुनाला देऊन टाका."

माजा पाय त्यांच्याच मापाचा. सासूबाईंनी लग्नातच नाक मुरडलं हुतं! बूट चढवले आन् देवळापत्तुर जाऊन आले. आमचं सारं माले गाव दारात येऊन बघत हुतं. टाच सोललीच.

"ऱ्हाऊ द्या ना आत्या," सून हळद लावत म्हनली.

उद्या परत घालनार हाय. मऊ झाले की देनार, त्यांच्या नावानं.

तुमी काय केलं असतं? मला तर वाटतंय, लवकर मऊ होऊच नयेत.